मुलगी कोल्हापुरात, दावा बंगळुरूत: ताबा आणि पोटगीचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातली माणसं बिननावाची ठेवली आहेत आणि दोन-तीन सारख्या प्रकरणांतले तपशील एकमेकांत मिसळले आहेत. कायद्याचा भाग जसाच्या तसा आहे.

लग्न कोल्हापुरात झालं, संसार बंगळुरूत. नवरा मूळचा सोलापूरचा, व्हाइटफील्डमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. बायको एम.एस्सी., मुलगी झाल्यावर नोकरी सोडलेली. घरात सासूबाई. मुलगी सात वर्षांची, तिकडच्या सीबीएसई शाळेत पहिली पूर्ण केलेली. भांडणं आधी पैशावरून, मग सासूबाईंवरून, आणि शेवटी बोलणंच बंद. मे महिन्याच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन माहेरी आली ती परत गेली नाही. जूनमध्ये मुलीचं नाव कोल्हापुरातल्या शाळेत दुसरीत घातलं. नवऱ्याने जूनचे पैसे पाठवले, जुलैपासून बंद केले. सप्टेंबरच्या अखेरीस माहेरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने एक जाड पाकीट आलं. बंगळुरूच्या फॅमिली कोर्टाचं समन्स, सोबत दोन अर्जांच्या नकला. तारखेला तीन आठवडेसुद्धा नव्हते.

पाकीट घेऊन बायकोचे वडील माझ्याकडे आले; मी तिची कोल्हापुरातली वकील. निवृत्त माणूस, आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता: "मॅडम, आपण जातच न्हाई म्हटलं तर? कर्नाटकातलं कोर्ट हितं येऊन आपल्याला काय करणार?"

हा प्रश्न दर चौथा माणूस विचारतो. उत्तर असं की बरंच काही करू शकतं. समन्स मिळूनही हजर राहिलं नाही तर दावा एकतर्फी चालतो, आणि समोरच्याने जे लिहिलंय तेवढंच न्यायाधीशांपुढे राहतं. निकाल लागला की तो कर्नाटकापुरता नसतो. देशातल्या एका दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाकडे पाठवून तिथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, पण मुदत ३० दिवसांची, आणि गैरहजर का राहिलात याचं कारण द्यावं लागतं. "लांब होतं म्हणून गेलो नाही" हे कारण चालत नाही. समन्स घ्यायला नकार देणं तर आणखी वाईट. नकाराचा शेरा मारून पाकीट परत गेलं की ते मिळालं असंच धरतात.

"पण काका," मी म्हटलं, "जायचं म्हणजे तिथलं सगळं मान्य करायचं असं नाही."

पाकिटात काय होतं

नवऱ्याचे दोन अर्ज. एक घटस्फोटाचा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली, क्रूरतेच्या कारणावर. दुसरा पालक व पाल्य कायद्याखाली: मुलीचा पालक म्हणून मला नेमावं, ताबा मला द्यावा. त्याला जोडून एक अंतरिम अर्ज, की तोवर मुलीला कोर्टापुढे हजर करण्याचा हुकूम व्हावा. पोटगीबद्दल अवाक्षर नाही.

असे कागद हातात आले की लोक आरोपांची पानं वाचत बसतात आणि रात्रभर झोपत नाहीत. मी आधी पत्त्यांची पानं वाचते. दुसऱ्या राज्यात लावलेल्या दाव्यात पहिली लढाई पत्त्याची असते, आणि एकाच घराच्या भांडणात कायदा तीन वेगवेगळे पत्ते विचारतो.

घटस्फोटासाठी कलम १९ आहे. लग्न जिथे लागलं ते ठिकाण, जोडपं शेवटचं एकत्र जिथे राहिलं ते ठिकाण, सामनेवाला जिथे राहतो ते ठिकाण, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्ज बायकोचा असेल तर ती जिथे राहते ते ठिकाणसुद्धा. म्हणजे इथे बंगळुरूला अधिकार होताच, कारण शेवटचा एकत्र संसार तिथला. कोल्हापूरलाही होता, कारण लग्न इथलं. नवऱ्याने आधी अर्ज लावला, एवढाच फरक.

ताब्यासाठी पालक व पाल्य कायद्याचं कलम ९. हा कायदा १८९० चा, पण प्रश्न सरळ विचारतो: मूल सामान्यतः कुठे राहतं? आईबाप कुठे राहतात, लग्न कुठे लागलं, याला तिथे जागा नाही.

आणि पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं १४४ आणि १४५, म्हणजे जुनी १२५ आणि १२६. नवरा जिथे आहे तिथे, किंवा बायको जिथे राहते तिथे, किंवा दोघं शेवटचं एकत्र राहिले तिथे अर्ज चालतो. माहेरी राहणाऱ्या बाईने पोटगी मागायला परराज्यात जायची गरज नाही.

आता कागदावरचा तपशील. नवऱ्याच्या अर्जात मुलीचा पत्ता बंगळुरूच्या फ्लॅटचा होता. त्याच अर्जाच्या शीर्षकात बायकोचा पत्ता "सध्या राहणार कोल्हापूर" असा, आणि सातव्या परिच्छेदात वाक्य होतं की मुलगी जूनपासून आईजवळ आहे आणि तिला तिथल्या शाळेत घातल्याचं अर्जदाराला कळलं आहे. एकाच अर्जात मुलगी दोन शहरांत. तो परिच्छेद मी पेन्सिलने अधोरेखित करून ठेवला. हरकतीच्या अर्जात पुढे तोच पहिला मुद्दा झाला.

तरी कलम ९ वर सगळा डाव का लावला नाही

वडिलांना हा मुद्दा फार आवडला. मुलगी इथे, शाळा इथे, मग बंगळुरूचा अर्ज पहिल्याच तारखेला उडणार, असं त्यांनी गृहीत धरलं. मला तशी खात्री नव्हती आणि तसं मी सांगितलं.

"सामान्यतः राहतं" म्हणजे किती महिने, हे आपल्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ साली दिल्ली आणि अमेरिका यांच्यात विभागलेल्या एका ताब्याच्या प्रकरणात सांगितलं की हा प्रश्न कायद्याचा आणि वस्तुस्थितीचा मिळून असतो, राहण्यामागचा इरादाही पाहावा लागतो. इथे मुलीचा जन्म बंगळुरूतला, बालवाडी तिथली, पहिली तिथली, आणि दावा लागला तेव्हा कोल्हापुरात येऊन जेमतेम चार महिने. वादाच्या तोंडावर एका पालकाने मूल हलवलं तर तेवढ्याने त्याचं राहतं ठिकाण बदलत नाही, असं म्हणणारे हायकोर्टांचे निकाल आहेत. आमच्या बाजूचेही आहेत. म्हणजे मुद्दा घेण्यासारखा होता, पण त्याच्या भरवशावर निवांत बसण्यासारखा नव्हता.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडूनही मला असे प्रश्न येतात, म्हणून एवढं सांगते: तिथे हा हिशेब आकड्यात बांधलेला आहे. दावा लावण्याआधी मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिलं ते त्याचं घरचं राज्य, आणि ताब्याचा पहिला अधिकार त्या राज्याच्या कोर्टाचा. मॅसॅच्युसेट्स सोडून जवळपास सगळ्या राज्यांनी हा एकसारखा कायदा घेतलाय. मुलाच्या पोटगीचा कायदा तिथेही वेगळाच आहे. त्यामुळे डॅलसमधून न्यू जर्सीला आलेल्या आईचा ताब्याचा प्रश्न एका राज्यात आणि पैशाचा दुसऱ्या राज्यात असं सर्रास घडतं. आपल्याकडे सहा महिन्यांची रेघ नाही, म्हणून शाळेचा दाखला, डॉक्टरची फाइल, व्हॅनवाल्याच्या पावत्या यांना इतकं महत्त्व येतं.

दुसरी अडचण जास्त खोल होती. समजा पालक-पाल्य अर्ज कलम ९ वर परत गेला, तरी घटस्फोटाचा अर्ज तिथे उभाच राहणार. आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ म्हणतं की घटस्फोटाचं प्रकरण ज्या कोर्टापुढे आहे ते कोर्ट मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण याबद्दल हुकूम करू शकतं. तिथे मूल कुठे राहतं ही अट नाही. दार बंद करावं तर खिडकी उघडी. समोरच्या वकिलांनी दोन अर्ज एकत्र का लावले ते यावरून कळतं. हुशार काम होतं, मान्य करायला हवं.

आणखी एक गैरसमज तिच्या मामांनी आणला होता: पाच वर्षांपर्यंत मूल आईकडेच, कायदाच आहे. आहे, १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये, आणि तिथेही "सामान्यतः" हा शब्द आहे. पण आपली मुलगी सात वर्षांची. तिच्यासाठी लागू होतं ते कलम १३: मुलाचं हित सर्वांत वर. या मामांचाच पुढचा सल्ला "फौजदारी लावा, सरळ होतील" असा होता, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. मी तिला एकटीला बसवून विचारलं. मारहाण नाही, हुंड्याची मागणी नाही, कुत्सित बोलणं आणि दुर्लक्ष भरपूर. मग दबावासाठी फौजदारी लावायला मी नाही म्हटलं. खोटी फिर्याद ताब्याच्या प्रकरणात उलटते, आणि मुलीला उद्या वाचायला राहते ती वेगळीच.

बंगळुरूत हजेरी

बंगळुरूत सिद्धय्या रोडवरच्या न्याय देगुला इमारतीत फॅमिली कोर्टं बसतात. तिथल्या एका वकीलबाईंकडे वकीलपत्र दिलं. फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, पण ती सहसा मिळते. ईकोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा स्वतःचा क्रमांक, टाकला की तारखा आणि हुकूम घरबसल्या दिसतात, आणि हे रोज बघायची सवय मी तिलाच लावली. परगावच्या दाव्यात अशील वकिलाच्या फोनवर अवलंबून राहिला की तारखा हातून सुटतात.

पहिल्या तारखेला तीन गोष्टी दाखल केल्या. एक, अधिकारक्षेत्राची हरकत. ही सुरुवातीलाच घ्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ प्रमाणे ती पहिल्या संधीला, वादाचे मुद्दे कोर्टाने ठरवायच्या आत घेतली नाही तर पुढे अपिलात सहसा ऐकली जात नाही. दोन, अंतरिम अर्जावर म्हणणं, हरकत राखून. मुलगी सुरक्षित आहे, शाळेत जाते, वडिलांशी फोनवर बोलते, तिला वर्षाच्या मध्यात उचलून आणायचं काही कारण नाही. सोबत शाळेचं बोनाफाइड आणि हजेरीचा उतारा. तीन, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अर्ज: प्रकरण इथेच चालणार असेल तर येण्याजाण्याचा आणि वकिलाचा खर्च द्या. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. प्रकरणाची कोल्हापूरला बदली झाली नाही तर काय, याची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

हजर करण्याच्या अर्जावर न्यायाधीशांनी लगेच हुकूम केला नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू द्या, असं तोंडी सांगून तारीख दिली. त्या दिवशी ती स्वतः गेली होती, मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने, रात्रभराचा प्रवास करून. आईला स्वतः उभं राहिलेलं कोर्टाने एकदा तरी बघावं, असं माझं मत आहे. प्रत्येक तारखेला मात्र नाही.

पोटगी इथेच

त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या फॅमिली कोर्टात कलम १४४ चा अर्ज, मुलीसाठी आणि तिच्यासाठी, सोबत अंतरिम पोटगीचा. अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. शक्यतो, हे लक्षात ठेवायचं.

इथे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रतिज्ञापत्राने. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात नमुनाच आखून दिला: दोघांनीही मालमत्ता, देणी, उत्पन्न, महिन्याचा खर्च शपथेवर सांगायचा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही त्याच निकालात ठरलं, आणि दुसऱ्या कुठल्या कोर्टात पोटगी मागितली असेल तर ते उघड करणंही. बंगळुरूतला कलम २४ चा अर्ज आम्ही इथे लिहून टाकला.

तिने ऑगस्टपासून एका क्लासमध्ये शिकवायला सुरुवात केली होती, महिना १४,००० रुपये. घरच्यांचं म्हणणं होतं की हे दाखवू नका, पोटगी कमी होईल. पैसे यूपीआयने खात्यात येत होते. बँकेचा उतारा तर जोडायचाच आहे. उलटतपासणीत समोरच्याने त्या नोंदींवर बोट ठेवलं असतं तर पुढचं सगळं खरंही खोटं ठरलं असतं. आम्ही दाखवलं.

खर्चाचा तक्ता वडिलांनी वहीत काढून आणला होता. शाळेची फी, व्हॅन, ट्यूशन, चष्मा, दातांचा डॉक्टर हे ठीक. पण त्यात दिवाळीची खरेदी, नातेवाइकांच्या लग्नातला आहेर आणि घराला मारलेल्या रंगाचा वाटाही होता. मी तो भाग छाटला. फुगवलेला तक्ता न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळतो, आणि मग खऱ्या आकड्यांवरही ते संशय घेतात. मुलीचा खर्च पावत्यांसह महिना साडेसतरा हजारांच्या आसपास निघाला.

नवऱ्याच्या बाजूने आलेल्या प्रतिज्ञापत्रात हातात येणारा पगार १,४२,००० आणि त्यातून फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता ५८,०००. हप्ता वजा जाता उरतं काय, असा त्यांचा सूर. पण फ्लॅट त्याच्या नावावर होतो आहे, ती त्याची मालमत्ता वाढते आहे. असे हप्ते जसेच्या तसे वजा करायला कोर्टं सहसा तयार नसतात. हुकूम झाला: मुलीला १५,०००, आईला १०,०००, अर्जाच्या तारखेपासून. तिच्या १४,००० चा विचार करून. मला आईचा आकडा थोडा कमी वाटला, मुलीचा योग्य वाटला, आणि आम्ही त्यावर वर गेलो नाही.

दिल्ली कशाला

बंगळुरूची प्रकरणं कोल्हापूरला बदलून घ्यायला सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागेल, असं मी सांगितलं. "आता कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, मग दिल्लीला का जायचं?" हा वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी बेंच सुरू झालंय आणि इथल्या माणसाला त्याचं अप्रूप आहेच. पण हायकोर्ट आपल्या हाताखालच्या कोर्टांतली प्रकरणं इकडून तिकडे नेतं. बंगळुरूचं कोर्ट मुंबई हायकोर्टाच्या हाताखाली नाही. मग कर्नाटक हायकोर्ट? तेही नाही. उज्जैन आणि मालेगाव यांच्यातल्या एका नवरा-बायकोच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ साली स्पष्ट केलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दिवाणी प्रकरण हलवायचा अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली.

बदली अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतं आणि तो ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड, म्हणजे सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करायचा अधिकार असलेल्या वकिलामार्फतच दाखल होतो. खर्चाची धास्ती रास्त असते, पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, आणि सुप्रीम कोर्टाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. तिने तिथूनच वकील घेतला.

बायकोने बदली मागितली की मिळतेच, अशी समजूत आहे. बहुतेकदा मिळते, कारण अशा प्रकरणांत बायकोची सोय आधी बघायची असं सुप्रीम कोर्टाने वेळोवेळी म्हटलंय. पण त्याच कोर्टाने २००६ साली या सवलतीचा गैरफायदा घेतला जातोय असंही बजावलं होतं आणि प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावर तपासायचं ठरवलं. म्हणून अर्जात रडगाणं न लावता चारच गोष्टी लिहिल्या. मुलगी दुसरीत शिकते आणि आईखेरीज तिला शाळेला सोडायला माणूस नाही, आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर. पोटगीचं प्रकरण कोल्हापुरात आधीच चालू आहे आणि तेच साक्षीदार, तेच कागद दोन्हीकडे लागणार. लग्न कोल्हापुरात लागलं असल्याने इथल्या कोर्टालाही अधिकार आहेच.

नवऱ्याचं उत्तर आलं: प्रवासाचा खर्च देतो, नाहीतर व्हिडिओवरून चालवा. हा पर्याय २०१७ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी बदलीऐवजी सुचवला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिघांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो फिरवला. कौटुंबिक प्रकरण बंद दाराआड, दोघांना समोर बसवून चालवायचं असतं, व्हिडिओचा विचार समेट फसल्यावर आणि दोघांच्या संमतीने, असं बहुमत होतं. करोनानंतर व्हिडिओ सगळीकडे आलाय आणि साध्या तारखांना तो सोयीचाही आहे. पण पुराव्याच्या वेळी, मुलगी आतल्या खोलीत न्यायाधीशांशी बोलणार तेव्हा, पडद्यावरची हजेरी मलाही पटत नाही.

नोटीस निघाली, बंगळुरूच्या दोन्ही प्रकरणांना तात्पुरती स्थगिती मिळाली आणि दोघांना मध्यस्थीला पाठवलं. मध्यस्थीत घटस्फोटावर एकमत झालं नाही, पण नाताळच्या सुट्टीत मुलगी चार दिवस वडिलांकडे जाईल हे ठरलं, आणि ती गेली. पुढे बदली मंजूर झाली.

भेट आणि पैसे

या प्रकरणात माझं तिच्याशी सगळ्यात जास्त वाजलं ते कायद्यावरून नाही, व्हिडिओ कॉलवरून. जुलैपासून पैसे बंद झाले तसा तिनेही फोन उचलणं कमी केलं होतं. "पैसे द्यायला नकोत आणि बाप म्हणून मिरवायला पाहिजे," हे तिचं वाक्य. राग समजतो. पण भेट आणि पोटगी हे दोन वेगळे हिशेब आहेत. पैसे नाहीत म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोघांपैकी जो आधी ही सांगड घालतो त्याच्याकडे कोर्ट संशयाने बघतं. २०२० च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने ताब्याच्या एका प्रकरणात म्हटलं होतं की मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे फोन-व्हिडिओवरून संपर्क ठेवू द्यावा.

मग वेळ ठरवली. तो रात्री नऊनंतर फोन करायचा, कारण ऑफिस. मुलगी पेंगलेली असायची, दोन वाक्यं बोलून फोन आईकडे द्यायची, आणि त्याला वाटायचं की शिकवून ठेवलंय. साडेसातची वेळ केली, फोन मुलीच्या हातात, आई दुसऱ्या खोलीत. कोणत्या दिवशी बोलणं झालं, कोणत्या दिवशी त्याने उचललं नाही, हे तिने एका वहीत लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी त्या वहीतून दिसलं की तो बहुतेक रोज बोलत होता. हे तिच्या फायद्याचं नव्हतं असं तिला वाटलं. मला उलट वाटलं: ही बाई मुलीला बापापासून तोडत नाही, याचा तो लेखी पुरावा होता.

कोल्हापूरच्या फॅमिली कोर्टातल्या समुपदेशक मुलीशी एकटीशी बोलल्या. सात वर्षांच्या मुलीची पसंती निर्णायक नसते, कायदा म्हणतो की समज येण्याइतकं वय असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. त्यांच्या अहवालात होतं की मुलीला दोन्ही शाळांतल्या मैत्रिणींची नावं पाठ आहेत, आजीची आठवण येते, आणि "बाबा इकडे का येत नाही" असं तिने दोनदा विचारलं. दोन्ही वकिलांनी आपापल्या बाजूने तो अहवाल वाचून दाखवला.

हुकूम हातात, पैसे नाहीत

अंतरिम पोटगी झाली, त्याने दोन महिने दिली, मग थांबवली. कारण सांगितलं की बंगळुरूचं प्रकरण अजून संपलेलं नाही. ते कारण होऊच शकत नाही. पोटगीच्या हुकमाला स्थगिती नसेल तर पैसे द्यावेच लागतात.

वसुलीचा अर्ज थकल्या तारखेपासून एक वर्षाच्या आत करायचा असतो, त्याआधीच्या रकमेला ही वाट मिळत नाही. बायका दोन-दोन वर्षं "देईल की" म्हणून थांबतात आणि मागचं जातं. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, हे नोटिशीत लिहिलेलं असतं आणि त्याचा धाक असतो, पण वॉरंट कोल्हापूरहून निघून व्हाइटफील्डच्या ठाण्यात पोचेपर्यंत धाकाची धार जाते. त्यावर कायद्यातच सोय आहे. कलम १४७ प्रमाणे पोटगीच्या हुकमाची नक्कल बाईला फुकट मिळते, आणि नवरा ज्या ठिकाणी असेल तिथला मॅजिस्ट्रेट त्या हुकमाची अंमलबजावणी करू शकतो. म्हणजे वसुलीपुरतं दुसऱ्या राज्यात जाणं तिच्याच फायद्याचं ठरू शकतं.

आम्हाला तितकं जावं लागलं नाही. पगारावर जप्ती मागितली, कंपनीला पत्र जाणार हे दिसलं आणि पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी थकबाकी खात्यात जमा झाली. हुकमाच्या रकमेसाठी पगार जप्त करताना पोटगीच्या बाबतीत फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो, हे समोरच्या वकिलांनी त्याला समजावलं असावं.

आज प्रकरण कुठे आहे

बदलीचा हुकूम झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी प्रकरण इथे चालू होतं असं नाही. बंगळुरूहून मूळ कागद यायला दोन महिन्यांच्या वर गेले. तोवर इथे नंबर पडत नाही, तारीख लागत नाही, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या तिथल्या वकीलबाई कारकुनाकडे खेटे घालत राहिल्या म्हणून एवढ्यात आलं.

आता घटस्फोट, ताबा आणि पोटगी तिन्ही कोल्हापुरात एकाच कोर्टापुढे आहेत. कलम ९ ची हरकत बिनकामाची झाली, तिचा निकाल लागलाच नाही. मे महिन्याच्या सुट्टीसाठी दोघांनी संयुक्त पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली: मुलगी १८ दिवस वडिलांकडे, तिकिटं आधी काढून त्यांचे फोटो दोन्ही वकिलांना पाठवायचे, शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी वडील स्वतः कोल्हापुरात आणून सोडतील, आणि त्या महिन्याची पोटगी कापायची नाही. शेवटच्या अटीवर तो आधी अडला होता. मुलगी माझ्याकडे असताना पैसे कशाला, असं त्याचं म्हणणं. शाळेची फी आणि व्हॅनचं भाडं सुट्टीतही भरावं लागतं, हे पावत्या दाखवल्यावर त्याने सही केली.

पुढची तारीख तिच्या सरतपासणीची, म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीची, आहे.